लहान मुलाने खोकल्याचे औषध जास्त प्यायले, तर काय करावे

ज्यांच्या घरी हा प्रकार आत्ताच घडला आहे, त्यांनी पुढचे चार परिच्छेद तेवढे वाचावेत आणि निघावे. बाकीचे नंतर सवडीने वाचता येईल.

प्रथम मुलाच्या हातातील बाटली काढून घ्यावी, तोंडात औषध उरले असल्यास ओल्या, स्वच्छ फडक्याने पुसून काढावे आणि मूल हाक मारल्यावर नीट बघते का, श्वास नेहमीसारखा चालू आहे का, एवढे पाहावे. मूल बेशुद्ध असेल, उठवले तरी पुन्हा गुंगीत जात असेल, झटके येत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मंद अथवा अडखळत चालला असेल, तर कोणाला सल्ला विचारण्यात वेळ घालवू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला उशीर लागेल असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने, जिथे प्राणवायू आणि रात्रीही डॉक्टर असतात अशा जवळच्या रुग्णालयात जावे. गुंगीतील मुलाला उताणे न निजवता कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत उतरत नाही. श्वास थांबलाच, तर मुलाला कठीण, सपाट जागेवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाब द्यावा, मग छाती वर उचलली जाईल इतके दोन श्वास तोंडाने द्यावेत, आणि मदत हाती येईपर्यंत हे चालू ठेवावे.

मूल हसत-खेळत असेल तरीही थांबू नये. खोकल्याच्या औषधांतील काही घटकांचा परिणाम अर्ध्या तासात दिसतो, काहींचा दोन-तीन तासांनी आणि पॅरासिटामॉलचा तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर यकृताला इजा झालेली असते. आपल्या बालरोगतज्ज्ञांना फोन करावा किंवा दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राच्या १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे, हे केंद्र दिवसरात्र चालू असते. फोन लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावत बसण्यापेक्षा रुग्णालय गाठणे बरे. परदेशातील मराठी कुटुंबांसाठी अमेरिकेत १-८००-२२२-१२२२, ब्रिटनमध्ये १११ आणि ऑस्ट्रेलियात १३ ११ २६ हे क्रमांक आहेत.

उलटी करवू नये. घशात बोटे घालणे, मिठाचे पाणी पाजणे, मुलाला पायांना धरून उलटे करणे, कच्चे अंडे, तूप, ताक किंवा चिंचेचे पाणी देणे हे सगळे अजूनही घराघरांत होते, आणि ते करणाऱ्यांच्या मनात मुलाविषयी कळवळाच असतो. परंतु यांतील एकाही उपायाने पोटातील औषध निष्प्रभ होत नाही. खोकल्याच्या बहुतेक औषधांनी गुंगी येते, आणि गुंगीत असलेल्या मुलाची उलटी फुप्फुसात गेली तर मूळ औषधापेक्षा मोठे संकट उभे राहते. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातील सोडियम एवढे वाढू शकते की त्यानेच मेंदूला इजा होऊन जीव जाऊ शकतो. दूध पाजल्याने ‘विष उतरते’ ही समजूतही खरी नाही. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तोंडाने काहीही देऊ नये.

डॉक्टरांना काय सांगावे

निघताना बाटली, तिचे झाकण, खोके आणि असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. ‘लाल रंगाचे खोकल्याचे औषध’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही, कारण एकाच नावाच्या पुढे एखादे अक्षर बदलले की आतील घटक बदलतात. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या तीन बाटल्यांत तीन निराळी मिश्रणे असतात, हे औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याला रोज दिसते, पण ग्राहकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून बाटलीच न्यावी. तिचा फोटो असला तरी बाटली न्यावी.

डॉक्टर चार गोष्टी विचारतात: कोणते औषध, किती, केव्हा आणि मुलाचे वजन किती. यांतील ‘किती’चे उत्तर देणे सर्वांत कठीण असते, कारण कोणीच मोजलेले नसते. अशा वेळी नियम एकच, आणि तो म्हणजे जास्तीत जास्त धरावे. बाटली किती मिलिलिटरची होती आणि आत किती उरले आहे हे पाहून मधला सगळा फरक मुलाच्या पोटात गेला असेच समजावे. फरशीवर सांडलेले, कपड्यांना लागलेले औषध वजा करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण सांडलेले औषध दिसते मोठे आणि मोजले तर थोडे भरते. दोन भावंडे बाटलीजवळ सापडली असतील तर दोघांपैकी प्रत्येकाने सगळे प्यायले असे गृहीत धरून दोघांनाही न्यावे. मोठ्याने ‘मी नाही प्यायलो’ म्हटले तरी न्यावे. ओरडा बसेल या भीतीने तीन वर्षांचे मूलही नाही म्हणते. एक-दोन वर्षांच्या मुलाचा एक घोट साधारण चार-पाच मिलिलिटरचा असतो, हे लक्षात ठेवले तर ‘एकच घोट घेतला’ याचा अर्थ कळतो.

आकडे का हवेत, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, मुलाचे वजन ११ किलो आहे आणि सर्दी-खोकल्याच्या ६० मि.ली.च्या बाटलीतून ४५ मि.ली. औषध नाहीसे झाले आहे. औषधात दर ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असेल तर पोटात १,०८० मि.ग्रॅ. गेले, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ९८ मि.ग्रॅ. तेच औषध २५० मि.ग्रॅ.चे असेल तर २,२५० मि.ग्रॅ. गेले, म्हणजे किलोमागे सुमारे २०५ मि.ग्रॅ. एका वेळी किलोमागे १५० मि.ग्रॅ.च्या पुढे पॅरासिटामॉल गेले की यकृताला धोका आहे असे धरून डॉक्टर तपासणी करतात. बाटल्या दिसायला सारख्या, सांडलेला गुलाबी डागही सारखा, पण एका मुलाला बहुधा नुसते लक्ष ठेवून घरी पाठवले जाईल आणि दुसऱ्याला रक्त तपासून उतारा सुरू करावा लागेल. हा हिशेब घरी करून ‘आपण सुरक्षित आहोत’ असे ठरवण्यासाठी मात्र वापरू नये, कारण त्याच बाटलीत आणखी दोन-तीन घटक असतात आणि त्यांच्या मर्यादा निराळ्या असतात.

वेळही नेमकी सांगावी. पॅरासिटामॉल घेतल्यानंतर चार तासांनी रक्तातील त्याचे प्रमाण मोजले म्हणजे धोक्याचा अंदाज येतो, आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचते. ‘दुपारी कधीतरी’ आणि ‘सव्वादोनला मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हा बाटली भरलेली होती’ या दोन उत्तरांत केवढा फरक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. अशा प्रसंगी घरात पहिला प्रश्न बहुधा ‘बाटली कोणी खाली ठेवली’ हा निघतो, आणि सुनेवर, आजीवर किंवा सांभाळणाऱ्या मावशींवर दोष येईल म्हणून खरे प्रमाण आणि खरी वेळ दडवली जाते. डॉक्टरांसमोर हे करू नये. विषबाधेच्या रुग्णाची रुग्णालयात वैद्यकीय-कायदेशीर नोंद होऊ शकते आणि पोलीस चौकीतून कोणी येऊन दोन प्रश्न विचारू शकते. ती रीतीची नोंद आहे, तिच्या भीतीने उशीर करू नये. आणि ‘ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या’ असे कोणी म्हणाले तर १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आठवावा: सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने अशा रुग्णाला आधी जीव वाचवणारे उपचार दिलेच पाहिजेत.

बाटलीत असते काय

खोकल्याचे औषध हे एकच औषध नसते. लेबलावरील बारीक अक्षरांत पाच-सहा नावे आलटून पालटून दिसतात, आणि मुलाला काय होईल हे त्या नावांवर अवलंबून असते.

कोरड्या खोकल्याच्या सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फान असते. ते मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर काम करते. जास्त प्रमाणात गेल्यास मूल पेंगते किंवा उलट विचित्र चळवळे होते, चालताना झोकांड्या खाते, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलत राहतात, आणि मात्रा मोठी असल्यास श्वास मंदावतो. मोठ्या माणसांसाठीच्या काही सिरपांत कोडीन असते. ते अफूच्या कुळातील आहे, आणि त्याची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, न उतरणारी गुंगी आणि मिनिटाला मोजकेच श्वास. युरोप आणि अमेरिकेच्या औषध-नियामकांनी १२ वर्षांखालील मुलांना खोकल्यासाठी कोडीन देऊ नये असे सांगितले आहे. त्यामुळे आजोबांसाठी आणलेली बाटली नातवासाठी ‘अर्धा चमचा’ करूनही वापरायची नाही.

क्लोरफेनिरामिन आणि त्याच्या जातीची औषधे नाक वाहणे थांबवण्यासाठी घातलेली असतात. थोडी जास्त गेली तर झोप येते. फार जास्त गेली तर अंग तापते, चेहरा लाल होतो, तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, मूल नसलेल्या वस्तू पकडायला हात पुढे करते आणि झटकेही येऊ शकतात. फेनिलेफ्रिन नाक मोकळे करण्यासाठी घातलेले असते, पण ते रक्तदाब वाढवते. साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असलेल्या सिरपांनी छाती धडधडते, हात थरथरतात आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन ही कफ पातळ करणारी औषधे त्यामानाने सौम्य आहेत. त्यांनी बहुधा मळमळ आणि उलट्या एवढेच होते. तरी ती क्वचितच एकटी असतात.

मुलाने औषध घेतल्यानंतर ते गाढ झोपले की घरच्यांना हायसे वाटते, ‘झोपलाय ना, झोपू दे’ असे म्हटले जाते. ही समजूत अत्यंत घातक आहे. झोप आणि गुंगी यांतील फरक ओळखण्यासाठी मुलाला उठवून पाहावे. झोपलेले मूल चिडते, रडते, आईला ओळखते. गुंगीतील मूल डोळे अर्धवट उघडून पुन्हा मान टाकते.

खोकल्यासाठी घरात असलेल्या आणखी दोन वस्तूंचा उल्लेख येथेच केला पाहिजे, कारण त्या औषध मानल्या जात नाहीत आणि म्हणून कपाटात जात नाहीत. कापूर आणि निलगिरी तेल पोटात गेल्यास लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि त्याआधी काही पूर्वसूचना मिळेलच असे नाही. कापराची वडी मुलाला खडीसाखरेसारखी दिसते. कापूर खाल्ला असल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.

चुका जिथून होतात

मूल स्वतः बाटली उघडून पिते, हा अपघाताचा एकच प्रकार आहे. मोठ्यांच्या हातून जास्त औषध दिले जाणे हा दुसरा प्रकार आहे, आणि तो डोळ्यांना अपघातासारखा दिसत नाही.

‘एक चमचा’ या शब्दापासून सुरुवात होते. डॉक्टरांच्या मनातील चमचा ५ मि.ली.चा असतो; घरातील चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा आणि आमटीचा चमचा यांत ते माप कुठेच नक्की नसते, आणि मोठ्या चमच्यात १५ मि.ली.ही मावतात. म्हणून डॉक्टरांनी चमच्यात सांगितले तर ‘किती मिलिलिटर?’ असे विचारावे आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा. मापाच्या झाकणापेक्षाही, सुई नसलेली, तोंडाने औषध देण्याची सिरिंज अधिक अचूक असते, विशेषतः मात्रा ५ मि.ली.पेक्षा कमी असेल तेव्हा. ती थोड्या रुपयांत मिळते. लहान मुलाच्या प्रत्येक बाटलीबरोबर अशी सिरिंज दुकानदाराने आपणहून हातात ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. ठेवली नाही तर मागून घ्यावी.

ड्रॉप्स आणि सिरप यांची गल्लत त्याहून गंभीर असते. ड्रॉप्स लहान बाळांसाठी असल्याने ते सौम्य असणार असे वाटते, प्रत्यक्षात ते घट्ट असतात, कारण बाळाला थोड्याच थेंबांत पूर्ण मात्रा मिळावी हा त्यांचा हेतू असतो. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये दर १ मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. औषध असते. ५ मि.ली. सिरपमध्ये जिथे १२० मि.ग्रॅ. असतात, तिथे तेवढ्याच ड्रॉप्समध्ये ५०० मि.ग्रॅ. होतात, म्हणजे चौपटीहून अधिक. सिरपचे माप लक्षात ठेवून ड्रॉप्सची बाटली उचलली की अनर्थ होतो.

तिसरी चूक दुहेरी औषधाची. तापासाठी एक बाटली आणि सर्दी-खोकल्यासाठी दुसरी बाटली घेतली, तर दोन्हींत पॅरासिटामॉल असण्याची शक्यता मोठी असते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. आणि दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर, असा हिशेब आहे. दोन बाटल्या एकाच वेळी चालू राहिल्या की तीन-चार दिवसांत, कोणाच्या लक्षात न येता, यकृतावर ताण पडतो. दोन बाटल्यांची लेबले शेजारी धरून वाचावीत आणि एकच नाव दोन्हींवर दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही देऊ नयेत.

चौथी चूक घरात माणसे जास्त असली की होते. आई सकाळी कामावर जाताना औषध देते, आजीला ते ठाऊक नसते, ती नऊ वाजता पुन्हा देते. याला उपाय साधा आहे: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जिथे दुधाचे लिटर लिहिले जातात, त्याच चौकोनात औषधाची वेळ आणि मिलिलिटर लिहावेत, आणि लिहिलेले नसेल तर विचारल्याशिवाय देऊ नये.

आणखी एक उपाय मी ग्राहकांना आवर्जून सांगतो. प्रत्येक वेळी औषध दिल्यानंतर बाटली सपाट जागी ठेवून आतील औषधाच्या पातळीवर लेबलाच्या कडेला पेनने रेघ ओढावी. पुढे कधी बाटली मुलाच्या हातात सापडली तर किती गेले याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. शेवटची रेघ आणि आत्ताची पातळी यांतील अंतरच उत्तर देते.

बाटलीच दूषित असेल तर

येथवर जे लिहिले ते बाटलीत लेबलाप्रमाणेच औषध आहे असे धरून लिहिले. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, तसे नव्हते. साध्या सर्दी-तापासाठी ‘कोल्ड्रिफ’ नावाचे सिरप दिलेली मुले उलट्या आणि लघवी बंद होणे या तक्रारींनी आजारी पडली, त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावण ४८.६ टक्के निघाले. त्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच द्रव्याने दूषित ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता. चव गोड, रंग नाही, वास नाही. घरी बसून हे ओळखण्याचा कोणताही मार्ग पालकांना उपलब्ध नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पालकांच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे लघवीवर लक्ष ठेवणे. कोणतेही सिरप चालू असताना मुलाला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, मूल मलूल झाले आणि सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही किंवा अगदी थोडी झाली, तर औषध तत्काळ बंद करून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि ‘हे सिरप चालू होते, लघवी एवढ्या वाजल्यापासून झालेली नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. हे द्रव्य साधारण एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी करते. लवकर पोहोचल्यास उतारा आणि डायलिसिस यांचा उपयोग होऊ शकतो. सिरप नेहमी परवानाधारक दुकानातून, पावतीसह घ्यावे आणि मूल पूर्ण बरे होईपर्यंत बाटली व पावती टाकू नये, कारण बॅच क्रमांकाशिवाय पुढचा तपास होत नाही.

बाटली ठेवण्याची जागा

एक ते चार वर्षांचे मूल चढते, ओढते, फिरवते आणि हाती आलेले तोंडात घालते. ‘उंच ठेवले आहे’ एवढे पुरत नाही, कारण खुर्ची, पाट आणि धान्याचा डबा यांची शिडी करता येते. कडी किंवा कुलूप असलेल्या कपाटाचा वरचा कप्पा हीच योग्य जागा. फ्रिजचे दार, देव्हाऱ्याखालचा खण, टीव्हीजवळचा कट्टा, आजीच्या उशाजवळचा डबा आणि खांद्याची पर्स या पाच जागा मात्र आजच उघडून पाहाव्यात. पाहुणे आले की त्यांच्या पिशव्याही मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात; आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या तर लहान मुलासाठी कोणत्याही सिरपपेक्षा घातक ठरू शकतात. औषध देऊन झाले की बाटली लगेच कपाटात जावी, ‘चार तासांनी पुन्हा द्यायचेच आहे’ म्हणून ओट्यावर राहू नये. आपल्याकडे बहुतेक सिरपांना साधे फिरकीचे झाकण असते आणि ते अडीच वर्षांच्या मुलाला उघडता येते. दाबून फिरवायचे झाकण असले तरी त्याने फक्त वेळ लागतो, कपाट हवेच.

औषधाला ‘चॉकलेट’, ‘सरबत’ किंवा ‘गोड गोड’ म्हणून पाजू नये. त्या क्षणी मूल तोंड उघडते हे खरे, पण पुढच्या वेळी ते सरबत स्वतः शोधून काढते. रिकाम्या बाटल्या आणि मापाची झाकणे भातुकलीत खेळायला देऊ नयेत. आणि सिरपच्या जुन्या बाटलीत निलगिरीचे तेल, फिनाइल किंवा रॉकेल भरून ठेवण्याची सवय पूर्णपणे सोडावी. उरलेले औषध पुढच्या खोकल्यासाठी जपून ठेवू नये. चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावे.

खोकल्याला औषध हवे का

घरात बाटली नसेल तर अपघातही होत नाही, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा बाटलीची गरजच नसते. विषाणूंमुळे झालेली सर्दी आपोआप बरी होते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, आणि सिरपने तो लवकर थांबतो याला चांगला पुरावा नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहूनही देऊ नयेत आणि विकूही नयेत, तसेच पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळवले. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिली होती. तेव्हा दुकानात जाऊन ‘लहान मुलांची खोकल्याची बाटली द्या’ असे म्हणू नये, आणि दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ती पुढे करू नये.

एक वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री निजताना अर्धा ते एक चहाचा चमचा मध द्यावा. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातील जीवाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. नाक चोंदले असल्यास मिठाच्या पाण्याचे तयार नेझल ड्रॉप्स, भरपूर पातळ पदार्थ, तान्ह्याला वारंवार अंगावरचे दूध, एवढे पुरते. उकळत्या पाण्याच्या भांड्याची वाफ देऊ नये. तिने भाजलेली मुले फार वाईट अवस्थेत रुग्णालयात येतात.

डॉक्टरांकडे कधी जावे, हे खोकल्याच्या आवाजावरून न ठरवता श्वासावरून ठरवावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल पिणे टाळत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. तान्ह्या बाळाला ताप असेल तर मोजत बसू नये, लगेच दाखवावे.

रुग्णालयातून घरी आल्यावर

चूक होऊन औषध पोटात गेलेली बहुतेक मुले वेळेवर पोहोचल्यास पूर्ण बरी होतात. डॉक्टरांनी सहा-आठ तास निरीक्षणाखाली ठेवायला सांगितले तर ‘आता तर बरा आहे’ म्हणून मध्येच उठून येऊ नये. घरी आल्यावर चोवीस तास मुलाजवळ कोणीतरी जागे असावे, लघवी किती वेळा झाली हे लिहून ठेवावे, आणि पॅरासिटामॉल गेले असल्यास पुढचे तीन दिवस उलट्या, उजव्या बाजूला पोटात दुखणे, डोळ्यांत पिवळेपणा किंवा वाढती सुस्ती दिसल्यास लगेच परत न्यावे. खोकला अजून चालू असला तरी तेच किंवा दुसरे सिरप डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

औषधाच्या दर्जाविषयी शंका असेल तर उरलेले औषध तसेच बाटलीत बंद करून, कुलपात ठेवून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. औषध ठरलेल्या मात्रेत देऊनही विपरीत परिणाम झाला असेल, तर त्याची नोंद राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८०० १८० ३०२४ या क्रमांकावर करता येते. ती नोंद पालकही करू शकतात. फोन करताना औषधाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, दुकानाची पावती आणि पहिली मात्रा दिल्याची वेळ समोर ठेवावी.